पाच टिकल्या, एक छाती

"तू आत जाऊन तोंड उघडलंस ना निम्या, तर लक्षात ठेव, तुला काका नाय आन मला पुतण्या नाय."

"बरं. नसू दे."

"आवाज खाली. हॉस्पिटल हाय हे."

"तुम्हीच खाली करा. मी तर अजून सुरूपण नाय केलंय."

गजाकाका इतका जवळ आला की त्याच्या तोंडाचा बडीशेपेचा वास माझ्या नाकात गेला. होळी होऊन चार दिवस झाले, तरी हा बडीशेप चघळतोय. दारूचा वास कधीच गेलाय, पण भीती गेली नाही. मी ते बोलून दाखवलं. त्याने हात उगारला, वरून कोणीतरी नर्स उतरत होती म्हणून तोच हात डोक्यावरून फिरवला आणि एक पायरी खाली जाऊन बसला. आता जिन्याची वाट अडवूनच बसलाय. खाली जायचं तर त्याच्या खांद्यावरून जायला लागेल.

गजाकाका म्हणजे माझ्या बाबाचा सख्खा भाऊ, आणि आमच्या बोटीवरचा खलाशी. बाबा तांडेल. बोट कुठे न्यायची, जाळं कुठे सोडायचं, कधी माघारी फिरायचं, सगळं तांडेल ठरवतो. तो तांडेल आत्ता खाली वॉर्डात पडलाय, हृदय वाट्टेल तसं उडतंय, आणि थोड्या वेळाने त्याला शॉक देऊन ते ताळ्यावर आणणार आहेत. हा शॉक आज देणं चुकीचं आहे. हे आख्ख्या हॉस्पिटलात चारच माणसांना माहितीय. मला, गजाकाकाला, खाली बाकावर बसलेल्या जनामामाला आणि खुद्द बाबाला. डॉक्टरला माहीत नाही.

सकाळी चहा-बटर खाऊन आला म्हणून भूल देता येईना, पोट रिकामं व्हायची वाट बघतायत. तेवढाच वेळ आहे. मला राग आला की माझी वाक्यं तुटतात, एकाचं शेपूट दुसऱ्याला लागतं. म्हणून आत जायच्या आधी सगळं ओळीने लावून बघतोय.

तर टिकली.

आमच्या बंदरात एक तांडेल सुकाणूवर बसल्या बसल्या गेला, त्याची बोट खडकावर चढली. त्यानंतर नियम आला. समुद्रात जायचं असेल तर छातीवर, गळ्याच्या डाव्या हाडाच्या खाली, एक चकती चिकटवायची, किनाऱ्यावर असतानाही काढायची नाही. नाण्याएवढी, कातडीच्या रंगाची. बायकांनी तिचं नाव टिकली ठेवलं आणि तेच राहिलं. टिकली दोन कामं करते. हृदयात जी बारीक वीज फिरते ती ऐकत बसते, एकेक ठोका, झोपेतपण. आणि घामातली दारू चाखते. ठोका बिघडला की लाल होते, किंचाळते, स्वतःच ॲम्ब्युलन्स बोलावते. दारू हद्दीबाहेर गेली की मात्र किंचाळत नाही. गुपचूप परवाना ऑफिसला कळवते. मग त्या माणसाचा परवाना तीन महिने बंद. टिकलीत लबाडी केली तरी तेच. एका बोटीवरचे तिघे सापडले तर आख्खी बोट सीझनभर किनाऱ्यावर.

दारूचं आणि ठोक्याचं एकाच चकतीत का घातलं, तेपण सांगतो, कारण गोची तिथेच आहे. रोज ढोसणाऱ्याचं हृदय खराब होतं हे कोणालाही माहीत होतं. पण किनाऱ्यावरच्या हजारो छात्यांवर टिकल्या लागल्या आणि भलतंच दिसायला लागलं. जो वर्षभर शिवत नाही, पण सणाला एका बैठकीत दाबून पितो, त्याचंही हृदय दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताल सोडतं. धडधाकट माणसाचं. दारूने लघवीवाटे अंगातले क्षार जातात, झोप होत नाही, नसा चेकाळतात, आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांत वीज सरळ जायची सोडून गोल गोल फिरायला लागते. डॉक्टर लोकांत याला सुट्टीतलं हृदय बोलतात. ऐकायला कसं मजेचं वाटतं. जसं काय हृदय गणपतीपुळ्याला गेलंय.

महागातल्या टिकल्या माणूस ओळखतात. प्रत्येकाच्या ठोक्याची चाल वेगळी असते, दुसऱ्याच्या छातीवर लावली तर त्या बंद पडतात. आमच्या बंदराला आल्या त्या स्वस्तातल्या. गरम कातडी लागली आणि खाली काहीतरी धडधडलं की खुश. हे आमच्या लोकांना कळायला एक आठवडा लागला असेल.

आता जनामामा. आईचा भाऊ. आमच्या बोटीचं इंजिन तोच बघतो. गळ्यात माळ आहे. रोज मासळी काढतो पण खात नाही, दारूच्या तर सावलीतपण उभा राहत नाही. बोटीवर त्याचा डबा वेगळा, भेंडी नाहीतर बटाटा, आणि सगळे त्याला चिडवतात की जना, ही बघ सुरमई तुझ्याकडे कशी आशेने बघतेय. तर होळीच्या दुपारी या जनामामाच्या छातीवर पाच टिकल्या. एक त्याची स्वतःची, बाकी बाबाची, गजाकाकाची, बुधाची आणि लक्ष्याची. मामी त्याला बोलली, "आता हळद लावायची राहिली फक्त." तो शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून घरी गेला आणि झोपला. पाच माणसांचं हृदय एका ठिकाणी घोरत होतं.

दुसरीकडे बोट. होळीला आमच्या सगळ्या बोटी बंदरात येतात, सजवतात. आमच्या बोटीची एक रीत आहे, आजोबाच्याही आधीची. खलाशी बोटीवरच बसणार. पहिला ग्लास तांडेलाने उचलायचा आणि शेवटचा ग्लासही तांडेलानेच खाली ठेवायचा. मधेच तांडेल उठला तर वर्षभर जाळं हलकं येतं म्हणे. म्हणजे बघा, चार माणसं प्यायला बसणार, त्यातला जो सगळ्यात कमी पिणारा, ज्याला ती चवच आवडत नाही, त्यालाच सगळ्यात जास्त प्यायला लागणार. बुधा आणि लक्ष्या जवान आहेत, ते थांबतच नाहीत. ते थांबत नाहीत तोवर बाबा उठू शकत नाही.

मी तळलेले बोंबील घेऊन गेलो होतो. बाबा नाक दाबून काढा पितात तसा पीत होता. वरून ऊन, पाण्याची बाटली कोपऱ्यात तशीच भरलेली. डोळे लाल, कपाळाला घामच नाही. मी बोललो, "बाबा, बस झालं. ऊठ."

"तांडेलाला ऊठ बोलतो," गजाकाका बोलला. "शाळेने याला उठवला, आता हा जगाला उठवतोय."

सगळे हसले. बाबापण हसला, उगाच, त्यांच्याबरोबर. मी बोंबलाचं ताट फळीवर आपटलं आणि निघून आलो. शाळेचं खरं असं झालं होतं की वर्गातलं यंत्र आमचे डोळे मोजायचं, कोण फळ्याकडे बघतो आणि कोण बाहेर. मी बाहेर बघतो हे त्याने इतक्या वेळा सांगितलं की एक दिवस मी तेच खिडकीतून बाहेर टाकलं. नववीत. त्यानंतर मला वाटलं बाबा बोटीवर घेईल. तो बोलला, अठरा होईपर्यंत नाही. त्यावरून आमचं रोज वाजतं.

पण बाहेर बघायची सवय चांगली आहे. धुळवडीच्या सकाळी मीच बघितलं.

बाबा ओटीवर आडवा पडला होता. गळ्यातला चांदीचा ताईत मानेखालच्या खळग्यात येऊन थांबलेला. रोज झोपला की तो ताईत तिथे उडतो, एकसारखा, इंजिन न्यूट्रलला असतं तसा. त्या दिवशी तो पिसाळला होता. टकटक, मग काहीच नाही, मग तीन एकदम, मग एक अर्धवट, मग परत काहीच नाही. मी बोटाने मांडीवर ताल धरायला गेलो, जमेना. मनगट धरलं तर तिथे आणखी वेगळंच. छातीत जेवढे ठोके पडत होते तेवढे हातापर्यंत पोचतच नव्हते.

"बाबा, तुझं काळीज वाकडं चालतंय."

"पित्त झालंय. लिंबू पिळून आण."

"टिकली लाव ना. मामाकडून आणतो."

तो उठून बसला. त्यातच त्याला धाप लागली. "आत्ता लावली तर घामातली दारू सांगेल ती. चार दिवस गेले पाहिजेत. तू कुणाला बोलायचं नाय."

ही गोची. ज्या चार दिवसांत ती टिकली त्याच्या छातीवर पाहिजे होती, नेमके त्याच चार दिवसांत ती मामाच्या छातीवर. मी भांडलो. लिंबू अंगणात भिरकावलं. आई बोलली बापाशी असा बोलतोस, आणि बापाला बोलली उतारा म्हणून ताक पी. दुसऱ्या दिवशी ताईत तसाच. तिसऱ्या दिवशी तसाच, आणि विहिरीवरून एक बादली आणताना बाबा दोनदा थांबला. लोक बोलले यंदा तांडेलाला जास्तच चढली.

आज सकाळी बोट निघायची होती. बर्फ भरला, डिझेल भरलं. धक्क्यावर मामाने खोबरेल लावून एकेक टिकली सोडवली, ज्याची त्याला दिली. बाबाने लावली. दोन-चार श्वास गेले असतील. लाल. आणि तो आवाज, मांजर दारात सापडल्यासारखा. सगळ्या धक्क्याने मान वळवली.

टिकलीच्या हिशेबाने हे सगळं आत्ता, त्याच मिनिटाला सुरू झालं. त्याआधी चार दिवस हरेश्वर चोगले नावाचा माणूस, म्हणजे माझा बाबा, भेंडी खाऊन शांत झोपला होता.

हॉस्पिटलात डॉक्टर खतीब म्हणून बाई आहेत. बारीक, चष्मा डोक्यावर, एका हातात अर्धी खाल्लेली चिक्की. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर बाबाच्या टिकलीची नोंद उघडून दाखवली. सरळ, नीट, सारखे डोंगर, चार दिवसांचे. मग एकदम पायाखाली खडी आल्यासारखं. वर हिरवी खूण. यंत्राचं मत: आत्ताच सुरू झालंय, लगेच शॉक द्या, आधी दुसऱ्या तपासण्यांची गरज नाही.

"नशीब तुमचं," त्या बोलल्या. "टिकली नसती तर कधीपासून आहे हेच कळलं नसतं. आधीच्या काळात यासाठी किती उपद्व्याप करायला लागायचे. काल-परवा काही त्रास? धाप, छातीत फडफड?"

"नाय," गजाकाका बोलला.

"दारू?"

"तांडेल हाय तो, मॅडम."

जनामामाला विचारलं. तो माळेवरून हात फिरवत बोलला, "मला काय म्हायती नाय." बाबाला विचारलं. बाबा माझ्याकडे बघत बोलला, "सकाळपासूनच."

मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेलो. "समजा कुणाला तीन दिवस झाले असतील. आणि तुम्हाला कळलं नाही. आणि शॉक दिला. तर?"

त्या थांबल्या. पोराला टाळत नाहीत, हे मला आवडलं. "तू बंदरावरचा ना? धक्क्याच्या आतल्या कोपऱ्यात पाणी फिरत नाही, तिथे काय होतं?"

"घाण साचते. साय धरते."

"हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, अशाच कोपऱ्यासारखी. कप्पा नीट दाबला गेला तर पिशवीतलं रक्त बाहेर पडतं. हा कप्पा नुसता थरथरत राहिला तर तिथलं रक्त साचतं, घट्ट होतं, गुठळी धरते. दोन दिवसांच्या आत असेल तर गुठळीची भीती कमी. त्याहून जास्त झाले की भीती वाढत जाते. आता शॉक दिला, कप्पा परत जोरात चालायला लागला, की ती गुठळी सुटते आणि रक्ताबरोबर वर जाते."

"वर कुठे?"

त्यांनी माझ्या कपाळाला बोट लावलं. "इथे. मग अर्धं अंग जातं. खूपदा बोलणं जातं. माणूस बघतो, ऐकतो, समजतो, शब्द येत नाही."

"प्रत्येकाला?"

"नाही. पण कोणाला होईल ते बाहेरून कळत नाही. म्हणून अशा माणसाला आम्ही आधी घशातून दुर्बीण घालून ती पिशवी बघतो, नाहीतर रक्त पातळ व्हायची गोळी काही आठवडे देतो, मगच शॉक."

"मग घाला ना दुर्बीण. बघून घ्या एकदा."

"दुर्बीण एक आहे, माणसं दहा. कारण घातल्याशिवाय यंत्र मला ती खोली देत नाही. आणि तुझ्या वडिलांची नोंद इतकी स्वच्छ आहे की मी काय कारण घालू?" त्यांनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. "तीन दिवस कोणाला झालेत?"

गजाकाका मागे येऊन उभा होता. "टीव्हीवर कायपण बघतो, मॅडम, आन डॉक्टरांचं डोकं खातो."

त्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मी वॉर्डातच आहे," एवढंच बोलल्या. बारा नंबरच्या खोलीत कोणीतरी ओरडत होतं, तिकडे पळाल्या.

मग मी बाबाकडे गेलो. छातीला वायरी, नाकात नळी. ताईत काढून उशाशी ठेवलेला. आता ठोका बघायला ताईत नको होता, वर पडद्यावरच नाचत होता. मी त्याला सगळं सांगितलं, कोपऱ्यातल्या पाण्यासकट. त्याने ऐकून घेतलं. तो नेहमी ऐकून घेतो आणि मग स्वतःचंच करतो.

"व्हईलच असं नाय ना?" तो बोलला.

"नाय. होईलच असं नाय."

"मग झालं तर."

"काय झालं तर? पैज लावतोयस तू."

"दर्यावर रोज लावतो."

"तिकडे तुला वारा दिसतो. इथे काय दिसतंय तुला?"

त्याने डोळे मिटले. "माझं खरं सांगितलं तर पयला प्रश्न काय? टिकली कुठं व्हती. जनाच्या छातीवर. मग जनाची टिकली उघडतील, गजाची उघडतील. पाची टिकल्यांत चार दिवस एकच ठोका, एकाच वेळी झोपला, एकाच वेळी उठला. कुणी अजून जोडून बघितलं नाय म्हणून चाललंय. बोट बसली. आता तीन महिनेच हाईत, फुडं पावसाळ्याची बंदी. लक्ष्याची बायको पोटुशी हाय. बुधा घरात एकटाच कमावता, त्याच्यामागं म्हातारी. गजाची पोरगी लग्नाला आलीय. मी तांडेल हाय, निम्या. मी खाली उतरून त्यांना बुडवू?"

"त्यांनीच तुला उठू दिलं नाय."

"रीत हाय ती."

"रीत गेली खड्ड्यात. उद्या तू असाच पडून राहिलास, डोळे उघडे, तोंड वाकडं, पाणी बोलायचं तर पाणी बोलता नाय आलं, तर मी काय करू? आई काय करेल?"

त्याने डोळे उघडून वर बघितलं. पडद्यावरचे डोंगर एकमेकांवर चढत होते.

"मग तुलाच बोटीवर जायला लागंल," तो बोलला. "तुला तेच पायजे व्हतं ना."

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच सांगतो. वायरी लावलेल्या माणसाला. मी पलंगाची लोखंडी कड धरली, ती हलली, आणि नर्स येऊन बोलली पेशंटला त्रास देऊ नका, बाहेर बसा.

बाहेर बाकावर जनामामा. शर्टात हात घालून छाती खाजवत होता. वरच्या दोन गुंड्या उघड्या होत्या आणि आत डिंकाने लाल झालेली वर्तुळं, पाच, ओळीत.

"मामा, तू सांग. तुझं ऐकतील. तू माळकरी माणूस."

"माळ हातात घेऊन खोटं बोललो मी मगाशी. तुझ्या बापासाठी."

"मग आता त्याच्याचसाठी खरं बोल."

"माझा परवाना गेला तर जाऊ दे रे. पण बाकीच्यांचा मी कसा घालवू? त्यांनी विश्वासाने छातीवर लावलं माझ्या." त्याचे डोळे भरले. "काय व्हनार नाय. मी सकाळपासून नाव घेतोय."

"नाव घेऊन गुठळी विरघळते का?"

"असं बोलू नको."

"मग कसं बोलू? तू सांग कसं बोलू, तसं बोलतो."

तो खाजवत राहिला. मी जिन्यात आलो आणि गजाकाका मागून आला. मग ते सुरू झालं, तुला काका नाय आन मला पुतण्या नाय.

तो अजून इथेच बसलाय, माझ्या खालच्या पायरीवर, पाठ माझ्याकडे. मघाशी वाघ होता, आता आवाज बदललाय.

"एका मिनिटाचं काम हाय, निम्या. भूल देतात, एक झटका, संपलं. संध्याकाळी घरी. परवा बोट. तुझ्या बापाला काय नको व्हायला असं मला वाटत नसेल का? भाऊ हाय माझा. लहानपणी मला पाठीवर घेऊन पोहायला शिकवलंन त्याने."

"मग तुम्ही जा ना आत. तुम्ही सांगा."

त्याचे खांदे हलायला लागले. मला पहिल्यांदा वाटलं हसतोय.

"मला नाय जमत," तो बोलला. "मी तिथं उभा राहिलो तर मला पोरगीच दिसंल."

मला तो आवडत नाही, पण त्या वेळी मला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, रागात मी पटकन उठतो.

आईचा फोन येऊन गेला. ती मार्केटातून टेम्पोत बसलीय. तिला गजाकाकाने एवढंच सांगितलंय की चक्कर आली. ती बोलली, बाबाला सांग, मी येतेय, मी आल्याशिवाय काही करू नका. मागे कोळणी बोलत होत्या, बर्फाच्या पेट्या आपटत होत्या. मी बोललो बरं. फोन खिशात टाकला.

मी हिशेब करून बघितला. मी नाही बोललो तर चांगलं होण्याची शक्यता जास्त आहे, हे डॉक्टरबाईंनीच सांगितलं. बाबा उद्या घरी येईल, बोट निघेल, लक्ष्याची बायको सुखाने बाळंत होईल, आणि मी आगाऊपणा केला नाही म्हणून सगळे माझ्या पाठीवर थाप मारतील. मी बोललो तर पाच परवाने नक्की गेले. नक्की. जास्त नाही, कमी नाही. बुधाची म्हातारी आमच्या दारात येऊन मला शिव्या देईल आणि मला त्या ऐकून घ्यायला लागतील. आमच्या घरात पावसाळ्याआधीच पावसाळा येईल. कोणीही शहाणा माणूस पैज कुठे लावेल ते मला कळतं.

पण मी तो ताईत तीन दिवस बघितलाय. बाकी कोणी बघितला नाही. त्या कोपऱ्यात पाणी किती वेळ थांबलंय हे माझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, आणि जो सांगू शकतो तोच गप्प बसला तर मग शॉक डॉक्टरने दिला असं नाही होत. मी दिला असं होतं.

सांगितल्यावर बाबा माझ्याशी बोलणार नाही. वर्षभर नाही बोलणार, मला त्याचा स्वभाव माहितीय. नाही तर नाही बोलला. पण तो बोलत नाही आणि त्याला बोलता येत नाही, यातलं कुठलं मी रोज जेवताना समोर बघू शकेन, ते मला आता नीट कळलंय.

म्हणून ओळीने. होळीची दुपार. धुळवडीची सकाळ, तेव्हापासून. टिकली त्याच्या अंगावर नव्हती, मामाच्या होती, पाचहीजणांच्या होत्या. दारू बोटीवर झाली, पाणी न पिता, दुपारभर उन्हात. आधी दुर्बीण घाला. एवढंच बोलायचं. रडायचं नाही, शिवी द्यायची नाही, पडदा फोडायचा नाही.

स्पीकर वाजला. हरेश्वर चोगले यांच्यासोबत कोण आहे, भूल द्यायच्या आधी सही करायला या.

गजाकाका उठला. डोळे पुसले, खिशाला पेन चाचपलं. मीपण उठलो. त्याने न बघताच मागे हात टाकून माझा शर्ट धरलाय, पोटाजवळ, मुठीत पिळून. खाली मामा बाकावरून अर्धवट उठून वर बघतोय. दारात नर्स उभी आहे, तिसऱ्यांदा नाव घेतेय.

गुंड्या तुटल्या. शर्ट त्याच्याकडेच राहू दे. मला आता जायला लागेल.